हातांवर बसणाऱ्या मॅडम

आमच्या समोर राहणाऱ्या रूथ मॅडम हातांवर बसतात. म्हणजे दोन्ही तळवे आधी खुर्चीवर ठेवतात आणि मग त्यावर आपण बसतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाईला थंडी वाजत असेल. पण मे महिना होता, आणि शिरूरला मे महिन्यात थंडी वाजायची तर माणूस तापानं फणफणलेला लागतो.

मग हळूहळू लक्षात आलं. समोर कुणी काही सावकाश करत असलं की त्या हातांवर बसतात. म्हाताऱ्याचा पाय चपलेत जाताना दोनदा चुकला, की बसल्या. शिंप्याच्या दुकानात कुणी आजोबा सुईत दोरा ओवताहेत, की बसल्या. उभ्या असल्या तर हात पाठीमागं नेतात आणि एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरून ठेवतात, पोलिसानं चोराचं धरावं तसं.

गल्लीतल्या एका लग्नात नवरदेवाला मंगळसूत्राची कडी अडकवता येईना. चार माम्या आणि एक आत्या मदतीला धावल्या. तेवढ्यात मागच्या रांगेतून मॅडमचा आवाज आला, "राहू द्या. काम कुणाचं आहे?" भटजीसुद्धा थांबले. दहा मिनिटं पोरगा नवरीच्या मानेशी झटत होता. जेवणाच्या पंगती खोळंबल्या, आचारी दोनदा डोकावून गेला, शेवटी लागली एकदाची कडी. नवरीकडची माणसं अजून मॅडमना ओळख देत नाहीत. मॅडम म्हणतात, "त्या मुलाला जन्मभर आठवेल की आपण स्वतः घातलं."

मी म्हटलं, "नवरीला बी आठवंल. मान अवघडली व्हती तिची."

मॅडमचं शिक्षण ऑक्युपेशनल थेरपीचं. हे नाव सरळ म्हणायला मला चार महिने लागले, आणि ते नक्की काय असतं हे गल्लीला अजून कळलेलं नाही. मालिश करतात का, चष्म्याचा नंबर काढतात का, असं लोक विचारतात. मॅडमचं उत्तर ठरलेलं आहे. "डॉक्टर माणूस वाचवतात. वाचलेल्या माणसानं मग दिवसभर करायचं काय, ते आमचं खातं."

त्या मूळच्या दौंडच्या. वडील रेल्वेत, घर चर्चच्या आवाराला लागून. लग्न केलं नाही. पुण्याच्या एका कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं आणि रिटायर झाल्यावर आमच्याकडं जुन्या मिशनच्या आवारात जे उपचार केंद्र आहे, तिथं आल्या. राहायला माझ्या समोरची एक खोली घेतली. सामान म्हणाल तर एक पलंग, एक ताट, एक कप आणि पुस्तकांची सात खोकी. दरवर्षी त्या कॉलेजातली नवी पोरं, अजून पुस्तक उघडलेलं नसतं अशी, दोन आठवडे त्यांच्याकडं पाठवतात. मॅडम म्हणतात, पाया घालायला. मी ते काम जवळून पाहिलंय. पाया नंतर, आधी खड्डा खणतात.

जवळून पाहिलं ते असं. गेल्या वर्षी माझ्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली. पाय काठीवर आला, पण हात येईना. बोटं अर्धी वळतात, उचलत काही नाहीत. माझा मुलगा दत्ता शिक्रापूरला कारखान्यात आहे. त्याचं म्हणणं, आता आई एकटी राहणार नाही, माझ्याकडं येणार. त्याची खोली दुसऱ्या मजल्यावर. तो आणि सून दोघं कामावर. सकाळी दार ओढून जाणार ते संध्याकाळी येणार, आणि मी खिडकीतून हायवेवरचे ट्रक बघत बसणार. मी साफ नाही म्हणाले.

तो म्हणाला, "आई, गॅसपाशी पडलीस म्हंजी? एक कप चहा तरी एकटीनं करून दाखव. माझ्यासमोर. जमला तर ऱ्हा हितंच. न्हाई जमला तर मी टेम्पो घेऊन येणार, सामान भरायचं, आन् वाद घालायचा न्हाई."

मी व्हय म्हणाले. रागाच्या भरात म्हणाले. तेव्हा मला कप धड विसळतासुद्धा येत नव्हता.

मॅडमना हे सांगितलं तर वाटलं, बाई दोन शब्द समजुतीचे बोलेल. कसलं काय. डोळे चमकले त्यांचे. "मावशी, नवी पोरं सोमवारी येताहेत. तुमच्या मुलाला दोन आठवड्यांनी, शनिवारी, बोलवा. पोरांचा पहिला धडा तुम्ही."

"मी काय पुस्तक हाय व्हय?"

"पुस्तकाला चहा करता येत नाही. तुम्हाला येईल."

सोमवारी आठ पोरं आली. पाच मुली, तीन मुलगे. सगळ्यांच्या पाठीवर सॅका, हातात नव्या कोऱ्या वह्या. त्यांतली श्रेया म्हणून एक पुण्याची मुलगी, चुणचुणीत, कुणी काही बोलायच्या आत "हो मॅडम" म्हणणारी. तिचं मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं तीच जास्त चुकली आणि तीच जास्त शिकली.

मॅडमनी मला केंद्राच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "मावशी, उठा आणि ती खिडकी उघडा."

मी काठी घेतली. पुढं सरकले. एवढ्यात तिघं धावली. श्रेयानं माझा दंड धरून मला उभीच केलं, एका मुलानं खिडकी उघडून टाकली आणि तिसरीनं पाण्याचा पेला आणला. पाणी कुणी मागितलेलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, "चोरी झाली."

पोरांनी आपापल्या सॅकांकडं पाहिलं.

"मावशींचं काम चोरीला गेलं. एकीनं त्यांचं उठणं चोरलं, एकानं खिडकी चोरली. आणि ही पाणी देऊन त्यांना आजारी करून गेली. त्यांना तहान लागलीय असं कुणी सांगितलं तुला?" मग खिडकी पुन्हा बंद केली. "सगळे बाकावर. हात बुडाखाली."

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. आपण नीट ऐकलं का, असं तोंड.

"तळहात खाली, त्यावर बूड, त्यावर तुम्ही. मावशी, उघडा खिडकी."

खिडकीची कडी गंजलेली. उठायला मला वेळ लागला, चालायला लागला, काठी कुठं ठेवायची याचा विचार करायला लागला. बाकावर श्रेया तापल्या तव्यावर बसल्यासारखी हलत होती. मॅडम स्वतः खुर्चीत, त्यांचेही हात खाली. मध्येच त्यांनी विचारलं, "घाई कुणाला आहे?"

मीच म्हणाले, "मला तर न्हाई."

"ऐकलंत? मावशींना नाही. मग कुणाला आहे?"

"आम्हाला, मॅडम," एक मुलगा पुटपुटला.

"हे पहिल्या पानावर लिहा."

खिडकी उघडली तेव्हा वारा आत आला आणि मला इतकं बरं वाटलं की मी ती परत लावून पुन्हा उघडली. मॅडमनी पोरांकडं पाहिलं. पोरांनी तेही वहीत लिहून घेतलं असावं, कारण सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाचा उजवा हात ओढणीनं अंगाला बांधला आणि सांगितलं, संध्याकाळी पाचपर्यंत सोडायचा नाही. वेणी, शर्टाची बटणं, डबा, सगळं डाव्या हातानं. एकाचा डबा उघडेना, तो मांडीत धरून ओढला तर आमटी विजारीवर. श्रेयानं हात वर करायचा म्हणून डावाच वर केला आणि विचारलं, "मॅडम, वॉशरूमला जाताना पण नाही सोडायचा?"

"तिथं माणसाबरोबर कोण असतं?"

"कुणी नाही."

"मग तिथंच खरी परीक्षा. जा."

ती गेली. बराच वेळ आली नाही. आल्यावर सबंध दुपारभर कुणाला "हो मॅडम" म्हणाली नाही. मी तिला म्हटलं, "पोरी, मला वारं गेलं तवा पहिल्या आठ दिवसांत मी रडले न्हाई. संडासात रडले." तिनं माझ्याकडं असं बघितलं, की तोवर मी म्हणजे टेबलखुर्चीसारखी एक वस्तू होते आणि आता एकदम बोलले.

तिसऱ्या दिवशी मॅडमनी सगळ्यांना एक कागद दिला. त्यावर तीनच प्रश्न. काय करायचंय? कुठं अडतं? कुणासाठी? सगळं शास्त्र या तीन प्रश्नांत आहे, बाकीची चार वर्षं याचीच उजळणी, असं त्या म्हणाल्या. श्रेयाच्या वाट्याला मी आले. तिनं काय करावं? मला विचारण्याऐवजी दत्ताला फोन केला. म्हातारीला नीट सांगता यायचं नाही, असं तिला वाटलं. दत्ता कामावर, मशीनच्या आवाजात. त्याला सुचलं ते सांगून मोकळा झाला, "आईला देवपूजा करायची असंल, माळ ओढायची असंल." झालं. पोरीनं रात्रीतून मोठमोठ्या लाकडी मण्यांची, पकडायला सोपी अशी माळ ओवली आणि सकाळी मोठ्या आनंदानं माझ्या पुढ्यात ठेवली.

मी विचारलं, "ही कुणासाठी?"

"तुमच्यासाठी, आजी. जपासाठी."

"मी कवा जप केला? देवाला नमस्कार करते तेवढा पुरे. तो बी आता एका हातानं करते, देव काय बोलत न्हाई."

मॅडम मागंच उभ्या होत्या, मनगट धरून. "श्रेया, माळ छान झालीय. मणी मोठे आहेत, दोरा मजबूत आहे. चूक एकच झाली, ज्यांना विचारायचं त्यांना विचारलं नाहीस." ती माळ पुढं मी शेजाऱ्यांच्या शेळीच्या गळ्यात घातली. तिला शोभते.

मग श्रेया माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली आणि नव्यानं सुरुवात केली.

"आजी, काय करायचंय?"

"चहा."

"कुठं अडतं?"

"दुधाची पिशवी, आलं, आन् गाळणं."

"कुणासाठी?"

"कुणासाठी काय? माझ्यासाठी. मी एकटी हाय."

तिनं लिहिलं. मग प्रत्येकानं सरावासाठी आणखी एका माणसाला विचारायचं होतं, तर ही धीट पोरगी मॅडमकडंच वळली. "मॅडम, तुम्हाला काय करायचंय?"

"तुम्हाला शिकवायचंय."

"कुठं अडतं?"

"तुम्ही शिकत नाही तिथं."

सगळी हसली. श्रेयानं हसतच विचारलं, "कुणासाठी?"

मॅडमनी घड्याळात पाहिलं आणि म्हणाल्या, "तास संपला." भिंतीवरच्या घड्याळात अजून वीस मिनिटं होती. मी ते बघून ठेवलं.

पुढचे दिवस नुसती धमाल. आठ पोरं, मॅडम आणि मी, माझ्या स्वयंपाकघरात. मॅडमनी सांगितलं, चहा करायला किती कामं लागतात ती लिहा. पोरांनी अकरा लिहिली. पाणी ठेवणं, साखर घालणं वगैरे. मॅडमनी वही माझ्या हातात दिली, "मावशी, तपासा."

मी वाचून पाहिलं. "ह्यात म्हातारी पलंगावरनं उठलीच न्हाई की. पाणी तिकडं उकळतंय, ही हिकडं आडवी."

पोरांनी खोडलं. उठणं आलं, काठी आली, दिवा लावणं आलं, लायटर शोधणं आलं. लायटर शोधणं हेच एक मोठं काम आहे, ते मी दोनदा लिहायला लावलं. दुधाची पिशवी एका हातानं कशी कापायची यावर दोन तास वाद झाला. कुणी म्हणे कात्रीला स्टँड करू, कुणी म्हणे भिंतीला चिमटा लावू. मी म्हटलं, "दातानं."

श्रेयाचं तोंड वाकडं झालं. मॅडम म्हणाल्या, "लिहा. दातानं. मावशींचे दात चांगले आहेत. जे चांगलं आहे ते आधी वापरायचं."

डाव्या हाताबद्दल त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. मी त्याला ओट्याखाली लोंबत ठेवायचे. मॅडम म्हणाल्या, "मावशी, त्याला कामावरून काढू नका. उचलता येत नसेल तर दाबून धरायला ठेवा. बसून राहिला की तो विसरेल, की आपण या घरातले आहोत." मग पिशवी पातेल्यात उभी केली आणि डावी मूठ तिच्यावर टेकवली. ओल्या फडक्यावर खलबत्ता ठेवला, तो सरकेना. गाळणी कपावरच बसवली, ती धरायला हात लागेना. एकेक गोष्ट जमली की पोरं आपसांत टाळ्या द्यायची, म्हणजे हात बुडाखालून काढून, देऊन, परत घालायची. शुक्रवारी यादी त्रेसष्ट कामांवर गेली. त्रेचाळिसावं काम होतं, उकळी यायच्या आधी गॅस बारीक करणं. त्याखाली मॅडमनी लाल रेघ मारली. का, तर उकळी आल्यावर मला एका हातानं पातेलं उतरवायला वेळ मिळणार नाही.

शनिवारी दत्ता टेम्पो घेऊनच आला. ड्रायव्हर बाहेर थांबला, मागचा फाळका उघडा टाकून. दत्तानं आत येऊन बघितलं तर स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून आठ पोरं चटईवर रांगेत, सगळ्यांचे हात खाली. दारापाशी माझी सुंभाच्या दोरीनं विणलेली बाज, तिच्यावर मॅडम, त्यांचेही हात खाली. तो म्हणाला, "आई, ह्ये काय चाललंय?"

"तू बस. चहा पिऊन जा."

या पोरांपुढं दहा वेळा केलेला चहा, पण आता दारात टेम्पो उभा होता. लायटर सापडला. गॅस पेटला. पाणी, साखर, पत्ती. आलं ठेचताना एक तुकडा उडून श्रेयाच्या मांडीवर पडला. तिनं तो उचलला नाही. नुसती त्याच्याकडं बघत राहिली. पिशवी दातानं कापली तेव्हा दत्ता म्हणाला, "आई, म्हंजी काय," आणि पुढं आला, पिशवी घ्यायला.

"दत्ताजी," मॅडम म्हणाल्या, "घाई कुणाला आहे?"

आठही पोरं एका सुरात म्हणाली, "आम्हाला, मॅडम."

दत्ता गोंधळला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, कारखान्यात हाताखाली दहा जण. मॅडमनी बाजेवर सरकून जागा केली. तो बसला. मॅडमनी नुसतं त्याच्या हातांकडं बघितलं. त्यानं हात खाली घेतले.

आणि मी तेच बघत बसले. माझा पोरगा हातांवर बसलाय, हे बघून मला हसू आलं, आणि त्या हसण्यात त्रेचाळिसावं काम राहून गेलं. लाल रेघेवालं. कानावर सूं आवाज आला, वळून बघते तर चहा पातेल्याच्या काठाला आलेला.

माझ्या उजव्या हातात सांडशी. खाली ठेवावी तर वेळ नाही. मागं बाज करकरली, दत्ता अर्धा उठला असणार. पोरांपैकी कुणीतरी श्वास ओढला. बाकी जागचं कुणी हललं नाही. मॅडमही नाही. मी सांडशी सोडून दिली. ती फरशीवर खणकन पडली. मी बटण फिरवलं. थोडा चहा उतू गेला, जाळावर चरचरला.

मग मी खाली बघितलं. सांडशी उजव्या पायापाशी होती. हे काम यादीत नव्हतं. मी काठी घेतली नाही, ओट्याला कंबर टेकवली, वाकले, सांडशी उचलली, धुतली, पातेल्याला लावली आणि चहा गाळला. दोन कप. एक दत्तापुढं धरला.

त्यानं घोट घेतला. मग दुसरा घेतला. सगळी पोरं त्याच्या घशाकडं बघत होती.

"साखर जास्त झालीया," दत्ता म्हणाला.

"तुला लहानपणापास्नं जास्तच लागती."

त्यानं कप रिकामा केला, स्वतः उठून विसळला, आणि खिडकीतून ओरडून सांगितलं, "ए भाऊ, फाळका लाव. सामान न्हाई न्यायचं." मग पोरांकडं वळून म्हणाला, "तुमचं काय सामान हाय का? स्टँडवर सोडतो."

पोरांनी असा गलका केला की शेजारची शेळी ओरडली, माळेसकट. आठही पोरं टेम्पोत मागं चढली. श्रेया उतरून परत आली, मला वाटलं गळ्यात पडेल. ती आत गेली, चटईवरचा आल्याचा तुकडा उचलून केराच्या डब्यात टाकला, आणि म्हणाली, "आजी, हे काम माझं होतं." मग गेली. टेम्पो स्टँडकडं वळेपर्यंत त्यांचं "घाई कुणाला" चाललेलं ऐकू येत होतं. रस्त्यावरची माणसं वळून बघत असतील.

घरात मी आणि मॅडम राहिलो. मी दुसरा कप त्यांच्यापुढं केला. त्यांनी बाजेवरून हात वर काढले आणि ते मला दिसले. दोन्ही तळव्यांवर सुंभाचे वळ उठले होते. लाल, खोल, एकेक पीळ मोजता यावा असे. एका ठिकाणी साल निघालं होतं. सांडशी पडली तेव्हा बाई जागच्या जागी हातांवर किती जोरानं बसली असेल, ते तिच्या तोंडावर मला अजिबात दिसलं नव्हतं.

कप त्यांनी बोटांच्या टोकांनी धरला, तळवा न लावता. 

मी म्हटलं, "मॅडम, येवढं कशाला? उठायचं व्हतं. धरायचं व्हतं मला."

"माझ्या आईला मी तीन वर्षं एक बटण लावू दिलं नाही," मॅडम म्हणाल्या. "दौंडला. तिलाही तुमच्यासारखंच झालं होतं. मला दौंडहून सकाळची गाडी पकडून पुण्याला कॉलेजात शिकवायला जायचं असायचं. तिला अंघोळ घालायची, भरवायचं, बटणं लावायची, वेणी घालायची, पंधरा मिनिटांत सगळं. लोक म्हणायचे, मुलगी असावी तर अशी. आधी ती हात पुढं करायची. मग करायची बंद झाली." त्यांनी कप खाली ठेवला. "तिला घाई नव्हती, मावशी. घाई मला होती."

मी म्हणाले, "प्या. गार झाला का पिववत न्हाई, साखर जास्त हाय."

त्या प्यायल्या. कप धुवायला उठल्या, मी बघितलं, तशा परत बसल्या. काम माझं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मॅडम दारात. म्हणाल्या, फॉलोअप आहे. म्हणजे तपासणी. हातात स्वतःचा कप घेऊन आल्या होत्या, कारण माझ्या घरचा एक कप उतू गेलेला चहा पुसताना फुटला होता. तिसऱ्या दिवशीही फॉलोअप होता. आठवड्यानं त्यांनी आपला कप परत नेला नाही, तो माझ्याच फळीवर राहिला. आता त्यांच्या खोलीत एक पलंग, एक ताट आणि सात खोकी आहेत. या गोष्टीला आता वर्ष होत आलं. फॉलोअप चालूच आहे.

परवा नवी पोरं आली. त्यांतली एक बारकी मुलगी कागद घेऊन माझ्यासमोर बसली. "आजी, काय करायचंय?"

"चहा."

"कुठं अडतं?"

"आता न्हाई अडत."

"कुणासाठी?"

"समोरच्या बाईसाठी. रोज सात वाजता."

तिनं लिहून घेतलं. मॅडम बाकावर बसल्या होत्या, हातांवर. त्यांनी घड्याळात पाहिलं नाही.

खरं सांगायचं तर चहा आता मला वीस मिनिटांत जमतो. त्रेसष्ट कामं पाठ झालीत, त्रेचाळिसावं तर झोपेत होईल. पण मॅडम बाजेवर बसल्या की मी आलं जरा बारीकच ठेचते, लायटर हातात असला तरी शोधते, दुधाची पिशवी उलटसुलट करून बघते. चहा व्हायला पाऊण तास लागतो. त्या हातांवर बसून बघत राहतात. घाई कुणाला आहे.